शिरूरच्या टीमचा पाहुणा

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. बी.ए.ला असताना डायरी लिहायची सवय होती, नंतर सुटली. आज पुन्हा धरते, कारण दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं बोलण्याची नोकरी लागली आहे. संध्याकाळी एखादं स्वतःचं असावं.

घोडनदीच्या पुलाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावांत बोअर पाडून हातपंप बसवायचे, त्यासाठी विलायतेहून मशीन आलं आहे आणि मशीनबरोबर एक साहेब. साहेबांना मराठी येत नाही, गावाला इंग्रजी येत नाही, मधे मी. टायपिंगही माझ्याच गळ्यात आहे. मी जिच्याकडे राहते ती भागूमावशी सरकारी दवाखान्यात आया आहे. ती म्हणाली, "ललिते, मधी बोलणाऱ्याला दोन्हीकडनं बोलणी खावी लागत्यात. जपून."

साहेबांचं नाव कीथ ब्रॅडवेल. तेहतिशीचे असतील. केस तांबूस, उजवा पाय किंचित ओढत चालतात. साहेब म्हणजे ओरडणारच अशी मनाची तयारी करून गेले होते. हे तर चहा आणणाऱ्या संपत शिपायालाही "प्लीज" म्हणतात. संपत इतका विरघळला की दुपारी बाजारात जाऊन त्यांच्यासाठी निळ्या फुलांचा कप घेऊन आला. तो दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. आता खिडकीत दोन कप वेगळे असतात. एक साहेबांचा आणि एक माझा, दांडा तुटलेला. बाकी सगळ्यांचे ट्रेमध्ये. माझा का वेगळा, हे मला कुणी सांगायला नको. साहेबांनी विचारलं, "आपल्या दोघांचेच वेगळे का?" मी म्हटलं, "मानाचे आहेत."

पहिल्याच दिवशी खोटं भाषांतर केलं. पण काय करणार, दुभाष्याने दोन्हीकडची अब्रू राखावी असं माझं मत आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

बुधवारी मैदानावरचा एक बॉल आमच्या कुंपणाच्या आत आला. साहेबांनी तो पायावर अलगद झेलला, गुडघ्यावरून डोक्यावर, डोक्यावरून परत पायावर, आणि न बघितल्यासारखं करून कुंपणापलीकडे पाठवून दिला. बास. गावभर झालं.

आज बाळासो हार, नारळ आणि पेढे घेऊन हजर. बाळासोचं कापडाचं दुकान आहे आणि शिरूरच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, मॅनेजर, पाणी देणारा सगळं तोच. पुण्याला कॉलेजात गेला होता, पदवी राहिली आणि फुटबॉल घेऊन आला. त्याच्याबरोबर गोलकीपर गेणबा होता, धनगरवाड्यावरचा. आडदांड गडी, आवाज असा की मेंढरं दोन शेतं पलीकडून वळतील.

"बाई, साहेबास्नी इचारा, तिकडं कंच्या टीमकडनं खेळलं?"

साहेब म्हणाले, यॉर्कशरमधल्या एका टीमकडून, सात वर्षं, चौथ्या विभागात, म्हणजे सगळ्यात खालच्या. मग गुडघा गेला. मी सांगितलं, "विलायतेत चौथ्या नंबरात होते." बाळासो खुर्चीवरून उठलाच.

दर वर्षी सव्वीस जानेवारीला दौंडला रेल्वेच्या टीमशी सामना असतो, ढालीसाठी. रेल्वेची टीम म्हणजे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, त्यातले निम्मे अँग्लो-इंडियन. त्यांची पोरं म्हणे पाळण्यातून उतरतात ती बूट घालूनच. शिरूरने ती ढाल अजून हातात धरून पाहिलेली नाही. साहेब खेळतील का, असं बाळासोला विचारायचं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब "हो" म्हणाले. इतक्या घाईने माणूस जेवायलासुद्धा हो म्हणत नाही.

१ डिसेंबर, रविवार

पहिली प्रॅक्टिस. मी छत्री घेऊन कडेला बसले. माझी ड्यूटी आता रविवारीही.

साहेबांना फेटा बांधला, ओवाळलं. मग खेळ सुरू झाला. ज्याच्या पायाशी बॉल जाईल तो आधी मान वर करून साहेब कुठे आहेत ते बघतो आणि बॉल त्यांच्याकडे पाठवतो. गोल समोर मोकळा असला तरी. साहेबांच्या पायातून बॉल काढून घ्यायला कुणी जात नाही. एकदा बाळासो चुकून गेला आणि बॉल मिळाल्यावर त्याने हात जोडून माफी मागितली. पंधरा मिनिटांत साहेबांसाठी खुर्ची आली, मैदानाच्या मध्यावर, सरबतासकट.

गेणबा बाकी सगळ्यांना शिव्यांच्या माळा घालतो. "आरं ए सुकाळीच्या, पाय हाय का इळा?" साहेब समोर आले की तोंडाला कुलूप.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना गोळा करून जे सांगितलं त्यातले चार शब्द मला कळले नाहीत आणि जे कळले ते लिहिण्यासारखे नाहीत. थोडक्यात, हा फुटबॉल आहे की पूजा, असं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "साहेब म्हणतात, तुमचा लोभ पाहून भरून आलं."

टाळ्या झाल्या. साहेब गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज माझ्या गावी, मांडवगणला होते. बाबासाहेबांचा दिवस. वडिलांनी, म्हणजे साहेबराव हवालदारांनी, पलटणीतला कोट घालून सगळ्या वस्तीकडून बुद्धवंदना म्हणून घेतली. आणि योग असा की मशीन या आठवड्यात आमच्याच बौद्धवस्तीत उभं आहे. दुपारी पाणी लागलं. गावच्या विहिरीवर आई अजूनही स्वतःहून उतरत नाही, कुणी वरून ओतलं तर घागर भरते. पाणी उसळून वर आलं तेव्हा ती ओंजळ धरून नुसती उभी राहिली. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर रडले असते.

साहेबांना घरी जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा. अर्धी भाकरी ठेवून ते उठायला लागले तशी माझी आई, सोजरबाई, कडाडली, "आरं, निम्मी भाकरी टाकून उठतूस व्हय? आन् ती कुणी खायाची, तुज्या बानं? बस खाली!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सांगितलं, "आई म्हणते, जेवण साधं आहे, गोड मानून घ्या."

साहेब म्हणाले, "एवढ्या आवाजात?" आणि खाली बसले. ती अर्धी खाल्ली, वर आणखी एक मागून घेतली. आईने त्यांच्या पाठीत एक चापट घातली आणि ते हसले. दात दिसतील असं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. परत येताना जीपमध्ये रस्ताभर काहीतरी गुणगुणत होते. मांडवगणचं पाणी मानवलं म्हणायचं.

१५ डिसेंबर, रविवार

प्रॅक्टिसनंतर साहेब घरी जायच्या ऐवजी माझ्या शेजारी मातीत बसले. आपणहून बोलायला लागले.

त्यांच्या देशातले खेळाडू बाहेरच्या क्लबांकडे गेले की बहुतेकांचं काय होतं ते सांगत होते. ग्रीव्ह्ज नावाचा एक, गोल करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. इटलीत मिलानला गेला, गोलही केले, पण मन रमेना, त्याच हिवाळ्यात घरी परत. दुसरा वेल्सचा, जॉन चार्ल्स, डोंगराएवढा माणूस. तोही इटलीतच गेला, तुरिनला, पण पाच वर्षं राहिला. तिथे लोक त्याच्यावर जीव टाकायचे, तो त्यांची गाणी म्हणायचा. "दोघांच्या पायात फरक नव्हता," साहेब म्हणाले. "मग कशात होता, ते मी बारा वर्षं शोधतोय."

बारा वर्षं, कारण ते स्वतःही गेले होते. बेल्जियममधल्या एका लहानशा क्लबाकडे, एकविसाव्या वर्षी. सहा महिने टिकले. तिथे कुणी बॉलच देत नसे. मोकळे उभे राहिले तरी सगळे त्यांच्या अंगावरून पलीकडे बघायचे. "तिकडे मला कुणी बॉल देईना, इथे सगळे मलाच देतात," ते म्हणाले. "दोन्हीकडे मी एकटाच."

तेवढ्यात बाळासो आला. "काय म्हणत्यात साहेब?" मी म्हटलं, "म्हणतात, बेल्जियमच्या टीमपेक्षा तुम्ही बरे."

साहेबांनी हे मला का सांगितलं कळत नाही. माझा काय संबंध फुटबॉलशी? मावशीला सांगितलं तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "व्हय, तुजा काय संबंध." आणि उगाच हसली.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. साहेब राहतात त्या कॅम्पवर बाळासोने जंगी बेत केला. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. साहेबांना पाटावर बसवलं, रांगोळी काढली, आणि सगळी टीम भोवती हात बांधून उभी. साहेब म्हणाले, तुम्हीही बसा. "छ्या छ्या, आधी पाव्हण्यांचं हू द्या." पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही, ही आपली रीत. चांगलीच आहे. पण आज अकरा माणसं एका माणसाला जेवताना बघत होती आणि त्या माणसाचा घास घशाखाली उतरत नव्हता, हे मला दिसलं.

जेवणानंतर बाळासो त्यांना सत्पुरुषाच्या दर्शनाला घेऊन गेला, मीही बरोबर होते. गावाबाहेर एका इंग्रज कर्नलची समाधी आहे, छावणीच्या काळातली. लोक त्याला सत्पुरुष म्हणतात, हंगामाचं पहिलं धान्य तिथे ठेवतात. बाळासोने सामन्यासाठी नारळ फोडला. साहेब बराच वेळ त्या दगडाकडे बघत होते. "याच्याशी कुणी बोलत असेल का हो, जिवंत होता तेव्हा?" त्यांनी मला विचारलं. बाळासोसाठी मी सांगितलं, "साहेबांना जागा आवडली."

पाच वाजता कॅम्पवर परतल्यावर साहेब म्हणाले, "थोडा वेळ थांबता का? आज घरी सगळे एकत्र असतील." मी म्हटलं उशीर होईल, मावशी वाट बघत असेल. मावशीची दुपारपाळी होती, घरी कुणी नव्हतं. पण लोक काय म्हणतील? पुलापर्यंत आले तर मागून आवाज येत होता. पाण्याच्या टँकरवर बॉल आपटल्याचा, धप्, मग थोडं थांबून पुन्हा धप्. मी पुलावर उभी राहिले. परत जावं असं फार वाटत होतं. उभी राहिले आणि घरी आले.

१४ जानेवारी १९७५, मंगळवार

संक्रांत. आमच्या घरात वडिलांनी हे सण केव्हाच बंद केले, पण ऑफिसात संपतने तिळगूळ वाटला तो घेतला. साहेबांच्या हातावर ठेवून संपत म्हणाला, "गोड बोला." अर्थ विचारला, तो सांगितला. साहेब म्हणाले, "आणखी किती गोड बोलणार आहात तुम्ही लोक?"

मला राग आला. मी म्हटलं, गोड बोललेलं टोचायला लागलं म्हणजे नवल आहे, ज्यांच्याशी कुणी गोड बोलत नाही त्यांना विचारा. बोलले आणि लगेच जीभ चावली. साहेब मात्र एकदम ताजेतवाने झाले. "आज पहिल्यांदा तुम्ही मला काहीतरी म्हणालात," असं म्हणाले. विचित्र माणूस आहे. दिवसभर मला ते वाक्य आठवत होतं.

१९ जानेवारी, रविवार

शेवटून दुसरी प्रॅक्टिस. तीच तऱ्हा. अति तिथे माती म्हणतात ते खरं. बाळासो, गेणबा सगळे जीव ओतून खेळतात आणि खेळ काही होत नाही.

संपल्यावर साहेबांनी सांगितलं की मुंबईच्या ऑफिसातून विचारणा झाली आहे. करार महिनाअखेर संपतो. आणखी दोन वर्षं राहता का, की परत जाता? राहिले तर खुटबाव, केडगाव, सगळा दौंड तालुका त्यांच्याकडे. पाय गोळा करून बसले होते, हातात गवताची काडी.

"तुम्ही काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमची मर्जी."

"नाही, तुम्हाला काय वाटतं?"

"आम्ही काय सांगणार? तुमची मर्जी असेल तसं."

त्यांनी काडी टाकली आणि ते "थँक यू" म्हणून उठले.

नीटच बोलले मी. दुसऱ्याच्या आयुष्यात आपण कशाला बोट घालावं? त्यांचं घर आहे, देश आहे. पाहुण्याला राहा म्हणून आग्रह जेवणाचा करावा, आयुष्याचा नाही. पण राहिले तर बरं होईल. प्रकल्पासाठी म्हणते. नवीन माणसाला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल.

२० जानेवारी, सोमवार

आज साहेब स्वतः पोस्टात गेले. नेहमी संपत जातो. उन्हातून पायी गेले, पायी आले. मग दिवसभर मशीनखाली पडून होते. बहुतेक गुडघा दुखत असावा.

२३ जानेवारी, गुरुवार

रात्री झोप लागली नाही आणि सकाळी मी ठरवलं. टीममध्ये मन रमलं तर माणूस राहील. जॉन चार्ल्स राहिलाच ना? संध्याकाळी साहेब मशीनवर असताना मी एकटीच मैदानावर गेले आणि आजवर जे जे गोड करून सांगितलं होतं ते जसंच्या तसं ऐकवलं. पूजेचं, बेल्जियमचं, सगळं. "त्यांना पाहुणा व्हायचं नाही," मी म्हटलं. "चुकले तर त्यांना बोला. गेणबा, तुम्ही बाळासोंना जे म्हणता ते त्यांनाही म्हणा."

बाळासो म्हणाला, "बाई, काय बोलताय? पाव्हण्याला शिव्या? तोंडात किडं पडत्याल. आन् तुमी इतकं दिस आमास्नी खोटं सांगत व्हता व्हय?"

"हो."

"मंग ह्ये तरी खरं कशावरनं?"

गेणबा एवढंच म्हणाला, "मला जमायचं न्हाई, बाई. आमच्या वाड्यावर कुत्र्यालाबी पाव्हणा आला म्हंजी हाड म्हणत न्हाईत."

बोलणी दोन्हीकडून खावी लागतात असं मावशी म्हणाली होती. अजून एकच बाजू झाली.

२७ जानेवारी, सोमवार

काल दौंडला सामना झाला. रजा घेऊन लिहीत बसले आहे, घसा बसला आहे.

पाइप वाहायच्या ट्रकमध्ये बसून सगळे गेलो. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी, मानाच्या जागी. झेंडावंदन झालं, सामना सुरू झाला. रेल्वेचा एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, पिंपासारखा माणूस, पहिल्याच मिनिटाला साहेबांना आडवं पाडून इंग्रजीत असं काही बोलला की माझे कान लाल झाले. साहेब उठले ते हसत. पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांना ढकलत, शिव्या देत, खिदळत होते. समोरच्या टीममधला माणूस त्यांचा सोयरा आणि आमची टीम परकी. मला इतका मत्सर वाटला, तोही एका टकल्या इंजिन ड्रायव्हरचा!

हाफटाइमला दौंड दोन, शिरूर शून्य. बाळासोने साहेबांना संत्री सोलून दिली.

नंतरची पाच-दहा मिनिटं गेली असतील. साहेबांकडे बॉल होता, आमच्याच गोलापासून जवळ, आणि ते रमत-गमत वळले. दौंडच्या पोराने मागून बॉल काढून घेतला आणि थेट गोलावर मारला. गेणबाने अंग फेकून अडवला. कपाळ फुटलं त्याचं, रक्त आलं. तो उठला, साहेबांना बघितलं, आणि बांध फुटला.

"आरं ए किथ्या! डोळं काय टेसनावर गहाण ठिवल्यात का? नुसता मिरवतुयास नवऱ्यावानी! पळ की मागं, मुडद्या!"

बाळासोने दोन्ही कान धरले. गेणबा स्वतःच पांढराफटक पडला होता. आणि साहेब, कीथ, जागच्या जागी थांबून माझ्याकडे बघायला लागला. भाषांतरासाठी.

मी छत्री टाकली, रेषेवर गेले आणि होता तेवढा आवाज काढून ते सगळं इंग्रजीत ओरडले. स्टेशन, नवरा, मुडदा, एकही शब्द गाळला नाही. दौंडचं निम्मं मैदान इंग्रजी जाणणारं. आधी एकच हशा उसळला, मग टाळ्या.

कीथचा चेहरा मी विसरणार नाही. मांडवगणला आईने चापट घातली तेव्हा होता तसा. तो गेणबाकडे धावत गेला, त्याच्या रक्ताळल्या डोक्याचा मुका घेतला आणि काहीतरी घाणेरडं बोलला. तेही मी सांगितलं. गेणबा म्हणाला, "तूच तसला!" मग काय, सगळ्यांचीच तोंडं उघडली. बाळासोसुद्धा "ए बाबा, इकडं दे की!" म्हणून खेकसला. आमची टीम मी पहिल्यांदा खेळताना बघितली. दोन गोल केले, एक कीथने, एक बाळासोने. बाळासोने गोल मारला तेव्हा कीथ डावीकडे मोकळा उभा होता आणि बाळासोने त्याच्याकडे बघितलंही नाही.

हरलो. शेवटी त्या ड्रायव्हरने डोक्याने गोल घातला, तीनास दोन. येताना कीथ ट्रकच्या मागच्या बाजूला पाइपांवर सगळ्यांच्यात बसला. शिरूर येईपर्यंत चूक कुणाची यावर कचाकच भांडण चाललं होतं, भेळेचा एक कागद सगळ्यांच्या हातून फिरत होता आणि भाषांतराला मला कुणी विचारत नव्हतं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून ऐकत होते. आता तो राहील, असं मला वाटत होतं. वाटत होतं काय, मी धरूनच चालले होते. दोन वर्षं म्हणजे किती रविवार होतात याचा हिशेब करत होते.

२९ जानेवारी, बुधवार

मुंबईहून मॅनेजर आले. नवीन माणूस सोमवारी येतोय, त्याची राहायची सोय बघा, म्हणाले. मी विचारलं, कसला नवीन माणूस?

कीथने वीस तारखेलाच, स्वतः पोस्टात गेला तेव्हा, तार केली होती. जातो म्हणून.

संध्याकाळी तो मशीनची अवजारं पुसत होता. मी विचारलं, "मला सांगितलं नाहीत?" तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा. तुम्ही माझी मर्जी म्हणालात. मला वाटलं, सभ्य बाई आहे, राहू नका असं तोंडावर कसं म्हणणार, म्हणून असं म्हणाली." मग फडकं पिळून म्हणाला, "बेल्जियममध्येही ते फार सभ्य होते."

तार फिरवता येत नाही का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात संपत चहा घेऊन आला आणि मी म्हटलं, "तुमच्या घरच्यांना आनंद होईल."

मावशीला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "बोलणाऱ्याची माती इकती, ललिते, न बोलणाऱ्याचं गहू इकत न्हाईत," म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारच्या गाडीने गेला. दौंड स्टेशनवर सगळी टीम होती, तोच ट्रक घेऊन आलो होतो. शाल-नारळ बाळासोने आणला होता, पण देताना म्हणाला, "घे बाबा, घाण्या, तिकडं थंडीत मरशील." गेणबाने कपाळावरची पट्टी दाखवून त्याला शेवटची सात-आठ शिव्यांची माळ घातली. कीथला त्यातल्या निम्म्या पाठ झाल्या होत्या. त्याने त्या परत केल्या, इतक्या वाईट उच्चारात की फलाटावरचे हमालसुद्धा हसले. रडत कुणी नव्हतं, पण सगळे ओरडत होते.

मग तो माझ्यासमोर आला. थांबला. मी हात पुढे केला आणि म्हटलं, प्रवास सुखाचा होवो, मिस्टर ब्रॅडवेल.

इंग्रजी अगदी शुद्ध होतं माझं. त्याने मान हलवली, हात सोडला आणि तो चढला. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याचा तांबूस केसांचा माथा दारात दिसत होता. तो शिरूरच्या टीमकडे बघत होता की माझ्याकडे, हे एवढ्या लांबून कळत नव्हतं.

परतताना मी ट्रकच्या मागे बसले. पुढे बसावंसं वाटलं नाही. काष्टी मागे पडल्यावर गेणबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"तुमास्नी बोलायला काय झालं व्हतं? आमी सगळी वाट बघत व्हतो, बाई आज बोलत्यात का उद्या बोलत्यात. ह्यो बाळासो तर म्हणायचा, बाईंनी एक शबूद टाकला का किथ्या हितंच ऱ्हातुय, म्होरल्या साली ढाल आपलीच."

मी बाळासोकडे बघितलं. तो बाहेर उसाकडे बघत होता.

"मला वाटलं, त्यांची मर्जी," मी म्हटलं.

"त्येंची झाली," गेणबा म्हणाला. "आन् तुमची?"

घरी आले, मावशी ड्यूटीवर आहे, दार लावून घेतलं आहे. अडीच महिने या डायरीत मी साहेबांचं बोलणं लिहिलं, बाळासोचं लिहिलं, आईचं, मावशीचं, सगळ्यांचं लिहिलं. माझी मर्जी अशी होती की त्याने राहावं. माझ्यासाठी राहावं. खुटबावला, मांडवगणला, कुठेही.

आता तो कल्याणच्या पुढे गेला असेल.